विचारून सांगतो

मी जुन्या मोटारी विकतो. रस्त्यावर धावणाऱ्या नव्हे, कारखान्यातल्या. पट्टा फिरवणाऱ्या, पाणी ओढणाऱ्या, लोखंड लाटणाऱ्या रोलरला गती देणाऱ्या. रायपूरच्या उरला भागातल्या कारखान्यांतून त्या जळक्या अवस्थेत उचलायच्या, आतल्या तारेचं वाइंडिंग नवं करायचं आणि दुसऱ्या कारखान्याला द्यायच्या. या धंद्यात भाव ताणायला एक वाक्य लागतं. समोरच्यानं आकडा सांगितला की मी म्हणतो, “पार्टनरले विचारून सांगतो.” मग बाहेर जातो, पानठेल्यापाशी उभा राहतो, सुपारीचं खांड चघळतो आणि चेहरा पाडून परत येतो. “पार्टनर नाही म्हणून राहिला, भैया.” समोरचा खाली येतो.

पार्टनर कधी नव्हताच. पण रायपुरात माझ्या पार्टनरची चांगली दहशत होती. फार कडक माणूस आहे म्हणत.

त्यामुळे सर मला पहिल्या भेटीत “विचारून सांगतो” म्हणाले तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, आपल्यातलाच माणूस भेटला.

सरांनी पुढे माझं जे नुकसान केलं ते मी अजून विसरलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी त्यांच्याबद्दल चार शब्द चांगले लिहिले तर मला कोणी भोळा समजू नये.

समता कॉलनीच्या मागच्या गल्लीत त्यांचं बैठं घर होतं. रस्त्याला लागून एक खोली, मागे मोठं अंगण, अंगणात पेरूचं झाड. मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवून ते निवृत्त झाले होते. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, मूळ अमरावतीकडचं. उंच, वाळके, पँटला सायकलची क्लिप लावलेली, ती घरात बसतानाही काढायचे नाहीत. आणि कोणालाही ‘तू’ म्हणायचे नाहीत. दूधवाल्याला तुम्ही, गल्लीतल्या कुत्र्याला तुम्ही. “तुम्ही आता बाहेर व्हा,” असं ते त्या कुत्र्याला सांगत आणि ते उठून जाई.

मी भंडाऱ्याहून एक पेटी आणि वाइंडिंगचं मशीन घेऊन आलो होतो. मला ती रस्त्याकडची खोली भाड्यानं हवी होती.

“विचारून सांगतो,” सर म्हणाले.

“घरी मावशीले विचारता?”

“तिलाही विचारीन. आधी देवाला.”

मी मनात म्हटलं, याचा पार्टनर तर माझ्यापेक्षा मोठा निघाला.

आठ दिवस मी रोज चकरा मारल्या. पाचव्या दिवशी माझं ठरलेलं हत्यार काढलं. “सर, मले तिकडे तात्यापाऱ्याजवळ दुसरी खोली मिळून राहिली. आज हो म्हणा, नाहीतर मी चाललो.”

यावर कोणीही घरमालक जरा तरी हलतो. सर खरंच आनंदले. “अरे वा, मग ती घ्या. माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको.”

दुसरी खोली कुठे होती! मी गुपचूप परत गेलो. नवव्या दिवशी ते स्वतः सायकल मारत मी उतरलो होतो तिथे आले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. “हो आलंय,” म्हणाले. मी लगेच भाड्यावर घसरलो. खोलीला पोपडे आहेत, पावसाळ्यात गळेल, लाइटीचं मीटर वेगळं नाही.

“भाड्याचं मी त्याला विचारलं नव्हतं,” सर म्हणाले. “ते तुम्हीच सांगा.”

मी घाबरत घाबरत फार कमी आकडा सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि सायकलवर टांग टाकली. ते वळणावरून दिसेनासे झाले तरी मी तिथेच चरफडत उभा होतो. अजून कमी सांगायला पाहिजे होतं.

*

त्यांची विचारण्याची एक रीत होती. ती मला मावशींनी सांगितली. मावशी म्हणजे सरांची बायको. ठेंगणी, गोरी, बोलायला थेट आमच्याकडची.

मी एकदा दुपारी पाण्याच्या नळाची तक्रार घेऊन मागे गेलो, तर सर पेरूखाली वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले. मी हाक मारणार, तेवढ्यात मावशी ओट्यावरून बोलल्या, “थांब न रे! खिडकीत घड्याळ दिसत नाही काय तुले?”

खिडकीच्या चौकटीवर त्यांचं मनगटी घड्याळ पालथं ठेवलेलं होतं.

“घड्याळ पालथं, म्हणजे विचारून राहिले ते. बस तिथं. चहा घेशील?”

नंतर मी सरांना विचारलं, घड्याळ पालथं काहून?

“सुलटं ठेवलं की मी देवाला विचारतच नाही,” ते म्हणाले. “घड्याळालाच विचारतो. आणि घड्याळ नेहमी ‘लवकर कर’ एवढंच सांगतं.”

घड्याळाखाली चिठ्ठी असायची. विचारायला बसण्याआधी ते चिठ्ठीवर आपल्याला स्वतःला काय हवं ते लिहून टाकत. ‘खोली त्या मुलाला द्यावी.’ ‘हिच्या डोळ्यांचं ऑपरेशन नको.’ लिहिलं की घड्याळाखाली दाबून ठेवायचं.

“आपल्याला काय हवं ते आधी बाहेर काढून ठेवायचं,” सर मला समजावत. “नाहीतर ते आत बसतं आणि देवाच्या आवाजात बोलायला लागतं. ते आवाज फार हुबेहूब काढतं हो.”

मग शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं, मावशींना विचारायचं आणि थांबायचं. शास्त्रात त्याविरुद्ध काही नाही, मावशींची हरकत नाही, आणि मन पाण्यासारखं स्थिर झालं, तर ते उत्तर. पण आलेलं उत्तर चिठ्ठीशी जुळलं तर त्यांना संशय यायचा. पुन्हा विचारत. माझ्या खोलीला आठ दिवस लागले ते त्यामुळे. त्यांना मी आवडलो होतो, आणि देवानंही हो म्हटलं, म्हणून त्यांनी तीन वेळा फेरतपासणी केली. उलट उत्तर चिठ्ठीच्या विरुद्ध आलं की ते निश्चिंत. हे नक्की त्याचंच.

उत्तर आल्यावर चिठ्ठी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जायची. असा डबा भरला होता.

लोकांना वाटे हा माणूस उठता-बसता देवाला विचारतो. तसं नव्हतं. मी एकदा त्यांच्याबरोबर गोल बाजारात किटली घ्यायला गेलो होतो. त्यांनी अकरा किटल्या उचलल्या, प्रत्येकीवर टिचकी मारून कानाशी नेली, झाकणं फिरवून पाहिली, तोटीत फुंकर मारली. दुकानदार वैतागला. मीही वैतागलो. “सर, याचं बी विचारून घ्या न वर, लवकर तरी आटपेल.”

“याचं कसं विचारू?” सर म्हणाले. “किटलीसाठी त्यानं कान दिलेत, बोटं दिलीत. ती वापरायची सोडून त्याला त्रास द्यायचा? ज्यात दुसऱ्या माणसाचं काही जाणार-येणार असेल, तेच विचारायचं.”

मग बाराव्या किटलीवर टिचकी मारली.

*

छत्तीसगढ नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं, तेव्हा गल्लीगल्लीत माणसं घरं शोधत फिरू लागली. एक-एक सरकारी खातं भोपाळहून येऊन उतरत होतं आणि त्याला बसायला जागा नव्हती. सरांच्या घरालाही दलाल लागले. एक दलाल सफारी घालून आला, पूर्ण घर ऑफिसला पाहिजे म्हणाला आणि भाड्याचा आकडा सांगितला. मी दाराशी वाइंडिंग करत होतो. माझ्या हातातली तार तुटली, एवढा आकडा.

सर म्हणाले, “पूछ के बताऊँगा.”

“किससे? ऊपर साहब से?”

“हव,” सर अगदी छत्तीसगढी सुरात म्हणाले. “ऊपर साहब से.”

दलाल जरा सरळ बसला. त्याला वाटलं, मंत्रालयात यांचा कोणी असणार. दोन दिवसांनी तो आकडा वाढवून आला. “साहब ने कुछ कहा?” सर म्हणाले, अजून नाही. पुन्हा आला, पुन्हा वाढवून. मी हे सगळं बघत होतो आणि मला इतका आदर जन्मात कोणाबद्दल वाटला नाही. माझा पार्टनर फार तर दहा टक्के कमी करायचा. यांच्यावाल्यानं भाव दुप्पट केला होता.

आणि मग सर म्हणाले, “साहब ने मना कर दिया.”

दलाल गेल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडलो. कोणी असं सोडतं का? सर शांतपणे म्हणाले, “त्या भाड्यात तुमची खोली पण होती. तुम्ही कुठे गेला असता?”

असं उत्तर देणाऱ्याशी भाव करता येत नाही.

माझ्या लग्नाचंही सांगतो. गोंदियाची मुलगी सांगून आली. मोठा भाऊ पाहून आला, पसंत म्हणाला, मी हो कळवायला निघालो. सरांना पेढे द्यायला गेलो तर त्यांनी पेढा हातातच धरून ठेवला.

“विचारलंत का?”

“सर, आमच्यात पत्रिका पाहतात. पाहिली. छत्तीसपैकी अठ्ठावीस.”

“ते ठीक. मुलीला विचारलंत का?”

“तिले काय विचारायचं?”

“देवाचं उत्तर ऐकू यायला वेळ लागतो,” सर म्हणाले. “तिला तर तोंड आहे. जी बोलू शकते तिला आधी विचारा.”

मावशी आतून म्हणाल्या, “नाही विचारलं तर पेढे परत ने रे बाप्पा!”

मी एसटीडी बूथवरून गोंदियाला फोन लावला. तिकडे शेजाऱ्यांच्या घरी फोन होता. ती येईपर्यंत मीटर पळत होतं आणि मी ओरडत होतो. ती आली, मी विचारलं. मीटर आणखी पळालं, मग ती म्हणाली, “असं कोणी विचारलं नव्हतं मले. उद्या सांगते.” दुसऱ्या दिवशी हो म्हणाली. आजही भांडण झालं की ती मला ऐकवते, “मी विचार करून हो म्हटलं आहे, लक्षात ठेवा.” आमची मुलं मराठी समजतात, उत्तर हिंदीत देतात, पण आईचं हे वाक्य त्यांना मराठीत पाठ आहे.

*

माझा राग वाईट आहे. तो माझ्याबरोबर भंडाऱ्याहून आला. एकदा ट्रकवाल्यानं मोटार उतरवताना सरांच्या अंगणात आपटली, बॉडीला तडा गेला. मी त्याची कॉलर धरली, नको ते बोललो आणि लाथ झाडली, ती मावशींच्या शेवंतीच्या कुंडीला बसली. कुंडीचे तुकडे झाले. मावशी दारात उभ्या होत्या. वळून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी नवी कुंडी आणून ठेवली आणि माझ्या दृष्टीनं विषय संपला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा आला. उरला भागातला एक जुना कारखाना बंद होत होता. लहान-मोठ्या सगळ्या मोटारी, गिअरबॉक्स, एकगठ्ठा लॉट. मालक माझ्या ओळखीचा, दुसऱ्या कोणाला सांगण्याआधी त्यानं मला बोलावलं. अट एकच, महिन्याभरात जागा रिकामी करून द्यायची. पण एवढा माल ठेवायचा कुठे? माझी खोली म्हणजे दोन खाटांची. राजधानी झाल्यापासून गोदामांचे भाव आकाशाला भिडलेले. मला एकच जागा दिसत होती: सरांचं मागचं अंगण. पेरूचं झाड सोडून शेड टाकायची, जड माल उचलायला चेन-पुली लावायची. दहा वर्षांच्या करारावर जागा द्या, भाडं तुम्ही म्हणाल ते, असं मी सरांना सांगितलं. ‘तुम्ही म्हणाल ते’ हे शब्द माझ्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा निघाले असतील.

“विचारून सांगतो,” सर म्हणाले.

पहिला आठवडा मी दम धरला. रोज मागे डोकावायचो, घड्याळ पालथं. दुसऱ्या आठवड्यात मावशींना गाठलं. “मावशी, तुम्ही तरी सांगा न त्यांले. माह्या जन्माचा प्रश्न आहे.” मावशी नुसत्या म्हणाल्या, “ते पाहतील.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात कारखान्याच्या मालकाचा निरोप आला की गिऱ्हाईक दुसरंही आहे, दोन दिवसांत सांग.

त्याच दुपारी सर माझ्या खोलीत आले. मोटारींमधून वाट काढत आले, उभेच राहिले.

“नको असं आलं,” ते म्हणाले. “मला फार वाईट वाटतं. माझ्या मनात द्यायचं होतं. चिठ्ठीवर तसंच लिहिलंय. पण उत्तर उलट आलं.”

मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. शेवटी म्हणालो, “बस करा हे नाटक! तुमचा देव माह्या पार्टनरसारखा आहे!”

सर गोंधळले. “तुमचा पार्टनर? तो कडक गृहस्थ?”

“कोणी गृहस्थ नाही! पार्टनरच नाही मले! लोकांले ‘नाही’ म्हणाचं असलं की त्याच्या नावावर ढकलतो. तुमचं बी तेच आहे.”

मला वाटलं आता तरी हा माणूस चिडेल. सर माझ्याकडे बघत राहिले. अशा नजरेनं बघत होते, की मी म्हणजे कोणी उपाशी माणूस.

“म्हणजे इतकी वर्षं,” ते म्हणाले, “तुम्ही सगळं एकट्यानंच ठरवता?”

मी पाना उचलला आणि समोरच्या मोटारीचा नट आवळू लागलो.

“फार जड जात असेल हो.”

त्या वाक्याचा मला जितका राग आला तितका नकाराचाही आला नव्हता. आठवड्याभरात मी खोली सोडली. लॉट दुसऱ्यानं उचलला. त्या लॉटवर तो एवढा वाढला की आज उरला रोडवर त्याचं गोदाम आहे आणि त्यावर त्याच्या नावाची पाटी बसच्या लांबीची आहे. मला रोज तिच्यासमोरून जावं लागतं. लोक अशा गोष्टीत शेवटी सांगतात की त्या माणसाचं दिवाळं निघालं आणि झालं ते बऱ्यासाठीच झालं. तसं काही झालं नाही. त्याचं उत्तम चाललंय.

मी पुढे पै-पै जोडून त्याच रोडवर छोटं गोदाम केलं. आणि बाजारात जो भेटेल त्याला सांगत राहिलो की एका म्हाताऱ्यानं देवाचं नाव पुढे करून मला बुडवलं. दहा-बारा वर्षं सांगितलं. दर नाताळाला मावशींकडून करंज्यांचं ताट यायचं. बायको ठेवून घ्यायची. मी म्हणायचो, मला नको. मग तिची पाठ वळली की एक खायचो.

एका नाताळाला ताट आलं नाही. मावशी गेल्याचं तेव्हा कळलं. बायको भेटून आली. मी गेलो नाही.

*

नंतरच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, गोदामाच्या फाटकाशी एक ऑटो थांबला. उरला रोडची धूळ तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, तिथे पांढरा शर्ट दहा मिनिटं पांढरा राहत नाही. ऑटोतून सर उतरले. पांढरा शर्ट, पँटला सायकलची क्लिप. सायकल सुटून किती वर्षं झाली असतील, क्लिप तशीच.

मी खुर्ची दिली. पाणी दिलं. त्यांनी खिशातून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढून माझ्या टेबलावर ठेवली. सुतारमास्तरांचं सरळ अक्षर: ‘मागची जागा त्यांना द्यावी.’

“डबा उघडला होता,” सर म्हणाले. “ही गेल्यावर दुपारी काही काम नसतं. एकेक चिठ्ठी वाचत होतो. ही हातात आली आणि थांबलो. तुमची माफी मागायला आलोय.”

“कायची माफी?”

“मला काय हवं ते मी लिहीत होतो. मला भीती कशाची वाटते ते कधी लिहिलंच नाही. तुमच्या वेळी हवं होतं ते बाहेर घड्याळाखाली होतं, आणि भीती आत बसली होती. ती बोलली. उत्तर मनाविरुद्ध आलं म्हणून मी समजलो, त्याचंच आहे. ते त्याचं नव्हतं. माझं होतं.”

“भीती कायची पण?”

“तुमची.”

बाहेर एक ट्रक मागे घेत होते, त्याचा भोंगा वाजत होता. तो थांबल्यावर ते पुढे बोलले.

“ती कुंडी फुटली ना, त्या दिवशी ही फार घाबरली होती. मला म्हणाली नाही काही, पण रात्रभर जागी होती. माझ्या मनात बसलं की मी आधी जाईन, आणि मग हा माणूस तिच्याच अंगणात उभा राहून तिच्यावर असाच ओरडेल. दहा वर्षांचा करार म्हणजे ती अडकली. हे मला तुम्हाला तोंडावर सांगता आलं असतं. तुम्ही रागावला असता, पण समजला असता. मी ते देवाच्या नावावर खपवलं. तुम्ही त्या दिवशी मला जे म्हणालात, ते बरोबर होतं.”

या वाक्याची मी दहा-बारा वर्षं वाट पाहिली होती. त्यावर काय बोलायचं तेही तयार होतं. आंघोळ करताना, स्कूटर चालवताना मी ते घोकलं होतं. त्यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त मावशी, दारातून वळून आत जाताना.

“आता ती जागा घ्या,” सर म्हणाले. “तेव्हा ठरलं असतं त्याच भाड्यात. आता मला कोणाची काळजी नाही.”

समता कॉलनीच्या मागे, एवढं अंगण, जुन्या भावात. माझ्या धंद्यात असा सौदा समोर आला तर माणूस श्वास घ्यायच्या आधी हो म्हणतो. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “विचारून सांगतो.”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “पार्टनरला?”

“नाही,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गोदाम रिकामं झालं तेव्हा मी घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं. स्वतःचंच हसू आलं. वजनकाट्याची एक पर्ची उलटी करून तिच्यामागे लिहिलं: ‘पाहिजे – मागची जागा, जुन्या भावात.’ त्याखाली लिहिलं: ‘भीती –’. आणि पेन थांबलं. मी ट्रकवाल्यांना भीत नाही, पुढाऱ्यांच्या माणसांना भीत नाही, वसुलीवाल्यांना भीत नाही. मग लिहिलं, ‘जागा घेतली तर मले बोलाले काही उरणार नाही.’

उरला रोडवरून जाताना ती बसएवढी पाटी दिसली की मी सरांना शिव्या द्यायचो, म्हणून माझा दिवस निघत होता. ते गेलं तर पाटी उरली आणि मी उरलो.

संध्याकाळी ती पर्ची घेऊन सरांकडे गेलो. पेरूखाली तीच वेताची खुर्ची होती, मावशींच्या ओट्यावर शेवंतीची कुंडी होती. माझीच, मी आणून ठेवलेली. सरांनी पर्ची दोनदा वाचली.

“तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं विचारलंत,” ते म्हणाले. “उत्तर आलं?”

“नाही आलं, सर.”

“मग थांबा. मला घाई नाही. तुम्हाला आहे?”

नव्हती. हे मलाच नवीन होतं.

त्यानंतर मी दर गुरुवारी, गोदामाला सुट्टी असते तेव्हा, त्यांच्याकडे जाऊ लागलो. चहा मीच करायचो, त्या बाराव्या किटलीत. ते विचारायचे, “आलं?” मी म्हणायचो, “नाही आलं, सर.” मग आम्ही दुसरं काही बोलायचो. ते मला शास्त्रातल्या गोष्टी सांगत, मी त्यांना उरल्याच्या भानगडी सांगे. कधी त्यांच्या मंडळीचे पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, येत, तेही विचारत, “क्या हुआ, भैया, जवाब आया?” सरांनी त्यांनाही सांगून ठेवलं होतं. मी नाही म्हटलं की सर त्यांच्याकडे अभिमानानं बघत, शाळेतला एखादा मुलगा रंधा नीट चालवायला लागल्यावर बघावं तसे.

खरं सांगायचं तर उत्तर मला दुसऱ्याच महिन्यात आलं होतं. गुरुवारीच आलं, किटलीला उकळी येत असताना. नको. मला ती जागा नको होती. माल ठेवायला गोदाम होतं. मला हवं होतं ते त्यांनी धुळीतून येऊन माझ्या टेबलावर ठेवलं होतं. मन अगदी ते सांगत तसं, पाण्यासारखं होतं. पण मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विचारणं बंद केलं असतं. सौदा लांबवण्यात मी आयुष्य घालवलंय. हा मी दोन वर्षं लांबवला.

त्या लॉटचा राग अजून आहे. पाटी अजून दिसते. फक्त आता शिव्या द्यायला कोणी नाही, म्हणून मी स्कूटर जरा जोरात काढतो.

शेवटच्या दिवसांत सर पलंगावरच असायचे. एक पुतण्या नागपूरहून येऊन राहिला होता. आता ते घर त्यानं विकलंय. मी गुरुवारी गेलो तेव्हा पलंगाजवळच्या स्टुलावर घड्याळ पालथं होतं. त्याखाली चिठ्ठी नव्हती. मी पायाशी बसलो. त्यांना बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उचलल्या.

“नाही आलं, सर,” मी म्हणालो. “अजून विचारूनच राहिलो.”

त्यांनी डोळे मिटले. हसले असावेत.

“मग थांबा,” ते म्हणाले.

मी थांबलो.